सहा लिटरचा स्लो कुकर, घरात माणसं दोनच

प्रश्न : ताई, मुलगी अमेरिकेहून येताना सहा लिटरचा स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) घेऊन आली. ती गेली परत, आता घरात हे आणि मी दोघंच. वाटीभर उडदाची डाळ लावली की कडेला चिकटून करपते. एवढं धूड वापरायचं कसं, का सरळ माळ्यावर टाकू?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : माळ्यावर नका टाकू, पण आधी एक सांगा, लावता कशावर? अमेरिकेतलं मशीन 120 व्होल्टचं असतं आणि आपल्याकडे येतात 230, म्हणजे नुसती पिन बदलून लावलं तर ते जवळपास चौपट जोरात तापणार, मग डाळच काय कुकरही जळेल. 230 चे 120 व्होल्ट करून देणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतोच. कुकरच्या बुडाशी वॅट लिहिलेले असतात, त्यापेक्षा जास्त वॅटचा, चांगला दांडगा ट्रान्सफॉर्मर घ्या.

ते ठीक असेल तर मग करपण्याचं कारण साधं आहे. या भांड्याला भिंतीतून आच मिळते आणि ते निदान अर्धं भरलेलं असेल असं धरूनच वेळा ठरवलेल्या असतात. तुमची डाळ तळाशी चार बोटं, ती लवकर शिजते आणि उरलेला वेळ नुसती आटत बसते. त्यामुळे पुस्तकात आठ तास लिहिलेत म्हणून आठ तास ठेवायची गरजच नाही.

माझं मत विचाराल तर आत छोटं भांडं ठेवा. दीड लिटरचं स्टीलचं भगोनं चालतं, फक्त वरचं काचेचं झाकण नीट बसलं पाहिजे. तळाला घडी केलेलं फडकं, त्यावर भगोनं, आणि बाहेरून भगोन्याच्या अर्ध्या उंचीपर्यंत गरम पाणी. पाण्यामुळे आच सगळीकडून सारखी लागते, कडा करपत नाहीत. हायवर ठेवा, असं शिजायला जरा जास्तच वेळ लागतो. आणि सारखं झाकण उघडून बघू नका, दर वेळी वीस-तीस मिनिटं वाढतात. कुकर लांबट असेल तर दोन डबे शेजारी शेजारी बसतात, एकात डाळ, एकात गंगाफळ. चिंच, टोमॅटो डाळ मऊ झाल्यावरच घाला, आंबट आधी पडलं की डाळ लवकर शिजत नाही. लसूण-मिरचीची फोडणी शेवटी गॅसवर, वरून. (भरताची वांगी यात घालायचा विचारही करू नका, ती काड्यांवरच भाजायची.)

मटण असेल तर काळ्या मसाल्याचं कांदा-खोबरं आधी कढईत चांगलं भाजून घ्या, या कुकरमध्ये काही भाजलं जात नाही. पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, वाफ बाहेर जात नाही त्यामुळे रस्सा पातळ राहतो.

राजमा मात्र थेट टाकायचा नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नवीन पाण्यात गॅसवर खळखळ उकळा, निदान दहा मिनिटं, मी तर अर्धा तास उकळते, मगच कुकरमध्ये. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, मंद आचेवर तो जात नाही, उलट अर्धवट शिजलेला राजमा जास्त बाधतो, उलट्या होतात.

प्रश्न : आमच्याकडे लाईट कधीही जाते. कुकर लावून शेतात गेलं तर चालेल का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : घरी कोणी असेल तर खुशाल लावा. लाईट गेली की झाकण उघडायचं नाही, लवकर येत नसेल तर भांडं सरळ गॅसवर चढवून शिजवून घ्या. (आतलं चिनी मातीचं भांडं नाही हं, ते गॅसवर तडकतं, पातेल्यात ओता.) घरी कोणीच नव्हतं आणि लाईट किती वेळ गेली होती ते कळत नसेल तर शिजलेलं दिसलं तरी खाऊ नका. 60 डिग्रीच्या खाली कोमट अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहिलं की त्यात जंतू वाढतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात तर तेवढाही वेळ धरू नका. उरलेलं पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी गरम गॅसवरच करा, स्लो कुकर त्यासाठी फार हळू तापतो.