लांब्रुस्को वाइनच्या भागात तीन-चार दिवस खात-पीत फिरायचं आहे, आखणी कशी करावी?

मुक्काम उत्तर इटलीतल्या मोदेना शहरातच ठेवा. बोलोन्या-मिलान रेल्वेमार्गावर असल्यामुळे रेज्जो एमिलिया आणि पार्मा तिथून ट्रेनने सहज होतात. वायनरी मात्र गावाबाहेर शेतांत. वाइन चाखणाऱ्याने गाडी चालवू नये, म्हणून ड्रायव्हरसकट गाडी आधीच ठरवा आणि वायनरीलाही आधी ईमेल करा.

लांब्रुस्को म्हणजे स्वस्त, गोड फेसाळ वाइन हा समज तिथे पहिल्याच घोटात जातो. मोदेनाच्या उत्तरेची सोर्बारा ही लांब्रुस्को जवळजवळ गुलाबी, कोरडी (म्हणजे गोड नसलेली), चांगलीच आंबट. दक्षिणेला कास्तेलवेत्रोच्या टेकड्यांतली ग्रास्पारोस्सा गडद जांभळी, जिभेवर तुरट. दोन्ही एकाच दिवशी चाखा, म्हणजे फरक नीट कळतो. बाटलीवर ‘सेक्को’ म्हणजे कोरडी, असं लिहिलेलं बघा. ‘आमाबिले’ गोडसर असते.

ही वाइन थंड प्यायची, आणि जेवणाबरोबरच. न्योक्को फ्रित्तो म्हणजे तळून टम्म फुगलेले मैद्याचे चौकोन, वर प्रोश्युत्तोची, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसाची, पातळ चकती. तोंडातला तेलकटपणा तो आंबट फेस लगेच धुऊन काढतो. हे पारंपरिकरीत्या डुकराच्या चरबीत तळतात, त्यामुळे शाकाहारी असाल तर विचारूनच घ्या. पार्मिजानो चीजमध्येही वासराचं रेनेट (पोटातून काढलेलं, दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं.

चीजचा कारखाना सकाळीच गाठा, तांब्याच्या कढईतून चीजचा ओला गोळा कापडात उचलताना बघायला मिळतो. दुपारी बाल्सामिक, म्हणजे द्राक्षरसाचं व्हिनेगर बघा. पारंपरिक प्रकार किमान 12 वर्षं लाकडी पिंपांत मुरतो. सप्टेंबरमध्ये द्राक्षांची तोडणी असते. ऑगस्टच्या मध्यात जाऊ नका, बरंच काही बंद असतं.