घरगुती व्यवसायाचा जाहिरात मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर थोडक्यात कसा लिहावा?

भाव लिहा. बाकीचं नंतर बघू.

तुम्ही म्हणता, मसाल्यांचा मेसेज सगळे बघतात पण ऑर्डर कोणी देत नाही. त्यात भाव आहे का? नसणारच. ‘किमतीसाठी पर्सनल मेसेज करा’ असं असेल.

मी डोंबिवलीत दिवाळीचा फराळ करते. पहिल्या वर्षी मेसेज लिहून द्यायला आमचे मोठे दीर सरसावले. बँकेतून रिटायर झालेले, सोसायटीच्या नोटिसा तेच लिहितात. ‘मांगल्याचा, तेजाचा सण दारी आला असताना, पारंपरिक चव आपल्या सेवेत सादर करताना आम्हांस अत्यानंद होत आहे...’ वर पणत्यांची रांग, तळाला ‘भावासाठी संपर्क साधावा’. चकलीचा पत्ता नाही! मी म्हटलं, भावजी, ही काय लग्नपत्रिका आहे? तर म्हणे, भाव आधी सांगितला की गिऱ्हाईक पळतं, शिवाय बरं दिसत नाही. मी त्यांच्यादेखत दुसरा लिहिला आणि तोच पाठवला:

‘भाजणीची चकली, अर्धा किलो ३०० रु. शेंगदाणा तेलात तळलेली. वसुबारसेपासून मिळेल. किती हवी ते इथेच लिहा.’

दुपारपर्यंत उत्तरं यायला लागली. ‘अर्धा’. ‘१ किलो, तिखट कमी’. नमस्कार-चमत्कार कोणी केला नाही, मलाही नको होता.

नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचेच शब्द दिसतात, ते ‘शुभ सकाळ’वर घालवू नका. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो त्या यादीत, २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. तेव्हा पुडी हातात देतानाच नंबर सेव्ह करून घ्या. एसएमएसच्या भानगडीत एवढ्यात पडू नका. देवनागरीत एका एसएमएसला ७० अक्षरं, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजतात, आणि एकगठ्ठा पाठवायचे तर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदणी करून मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो.

आता, शिवणकाम किंवा केक असेल तर नेमका भाव सांगता येत नाही, हे मान्य. तिथे ‘५०० पासून’ लिहा. पण आकडा हवाच. भाव वाचून पळणारं गिऱ्हाईक फोनवर ऐकूनही पळतंच, वर तुमची दहा मिनिटं खाऊन.

दीर अजून म्हणतात, बरं दिसत नाही. मग दर दिवाळीला त्यांचेच बँकेतले मित्र पहिला प्रश्न भावाचाच का विचारतात? तुमच्या घरातही असं कोणी असेल तर मेसेज पाठवून झाल्यावर दाखवा, आधी नाही.