पियानो-व्हायोलिनपलीकडचे कॉन्चेर्टो

कॉन्चेर्टो म्हणजे एका प्रमुख वाद्यासाठी वाद्यवृंदाच्या साथीने लिहिलेली रचना. सुरुवात मोत्सार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोपासून करावी, असे मी आपणास सुचवेन. १७९१ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, त्याने तो आपला मित्र आन्टोन श्टाडलर याच्यासाठी पूर्ण केला. श्टाडलरचे वाद्य नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा अधिक खालच्या स्वरांपर्यंत पोहोचत असे. म्हणून शक्य असल्यास बॅसेट क्लॅरिनेटवरील, म्हणजे अशाच खोलवर जाणाऱ्या वाद्यावरील, ध्वनिमुद्रण निवडावे, कारण प्रचलित आवृत्तीत वरच्या सप्तकात सरकवलेले मंद्र स्वर तेथे मूळ जागी ऐकू येतात.

हायडनचा १७९६ चा ट्रम्पेट कॉन्चेर्टो आटोपशीर आहे. चाव्या बसवलेल्या तत्कालीन नव्या ट्रम्पेटसाठी तो लिहिला गेल्यामुळे, साध्या ट्रम्पेटला खालच्या पट्टीत न जमणारे लगतचे स्वर त्यात सहज येतात.

चेलोकडे मात्र सावकाश वळावे. एल्गारचा १९१९ चा कॉन्चेर्टो खूप लोकप्रिय असला, तरी माझा कल द्व्होर्झाकच्या चेलो कॉन्चेर्टोकडे आहे. मेहुणी योसेफिना हिच्या निधनानंतर त्याने १८९५ मध्ये शेवट बदलून तिच्या आवडत्या गीताची आठवण त्यात गुंफली, आणि जल्लोषाकडे निघालेले संगीत तेथे अचानक अंतर्मुख होते. पहिल्या ऐकण्यात चेलोचा मागोवा घ्यावा, दुसऱ्यात केवळ बासरी, क्लॅरिनेट आणि हॉर्न त्याच्याशी कसे बोलतात, याकडे लक्ष द्यावे.