पटिंग बिघडायला लागलं की गेम बंद करा

फोनवर गोल्फचा गेम नव्याने खेळायला लागलात ना, मग आधी एक ठरवून टाका: एका बैठकीत 9 होल, फार तर 18. मॅचवर मॅच लावत गेलात की बोटं आपोआप चालतात आणि डोकं मागे राहतं. त्याची पहिली खूण पटिंगमध्ये, म्हणजे होलजवळून बॉल हळूच आत ढकलताना, दिसते. ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, ठीक जातो, पण ग्रीनचा (होलभोवतीच्या बारीक गवताचा) उतार न बघताच बॉल ढकलला जातो. तसं झालं की थांबा, भले नुकत्याच दोन बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) मिळालेल्या असोत.

प्रत्येक शॉटआधी क्रम एकच ठेवा. वारा, उतार, क्लब (गोल्फची काठी), मग स्विंग. हरल्यावर चिडून लगेच रीमॅच घेणं सगळ्यात वाईट. कॉइन जातात ते जातात, वर टायमिंगही बिघडतं. त्यापेक्षा प्रॅक्टिसमध्ये चार निवांत शॉट मारा.

डोळ्यांसाठी दर 20 मिनिटांनी 20 फूट लांब 20 सेकंद बघा. रोजच्या बक्षिसांचं म्हणाल तर एखादा दिवस चुकला तर चुकू द्या, ती तुम्हाला रोज ओढून आणायलाच ठेवलेली असतात. आणि नोटिफिकेशन? माझं विचाराल तर पहिल्याच दिवशी बंद.