घराण्यात सगळ्यांना मुलं आहेत, मग माझा दोष जनुकीय कसा?

दोनदा तपासूनही शुक्राणू 'निल' आले, डॉक्टरांनी कॅरियोटाइप (गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय मायक्रोडिलीशन (वाय गुणसूत्राचा तुकडा गळलाय का, ती तपासणी) लिहून दिलं, पण घराण्यात कुणालाच हा त्रास नाही, मग एवढा खर्च कशाला, असं तुम्ही विचारलंय.

करून घ्या. मीही हेच म्हणालो होतो, नागपुरात, धंतोलीत डॉक्टरांसमोर बसून. ते म्हणाले, "अहो, ज्याला मूलच होत नाही तो हा दोष पुढं देणार कुणाला? घराण्यात दिसेल कसा?" वडिलांचा वाय बहुतेक वेळा धडच असतो, आपल्यात येताना त्याचा तुकडा गळतो.

कुठला तुकडा गळला, यावर पुढचं सगळं ठरतं. वायवरचा एझेडएफ-ए नावाचा भाग पूर्ण गेला असेल तर अंडकोषातून शुक्राणू काढायची शस्त्रक्रिया करूनही हाती जवळपास काहीच लागत नाही. एझेडएफ-सी हा भाग गेला असेल तर साधारण निम्म्या जणांत मिळतात. म्हणून ही तपासणी चाकू लावायच्या आधी. माझा सी गेला होता. मोजकेच मिळाले, पण इक्सीला (एकेक शुक्राणू थेट बीजांडात सोडतात, त्याला) पुरले. मुलगी झाली. मुलगा झाला असता तर माझा तुटका वायच त्याच्याकडे गेला असता, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

कॅरियोटाइपमध्ये एक्सएक्सवाय निघू शकतं, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जादा, याला क्लाइनफेल्टर म्हणतात. साधारण 600 पुरुषांत एकाला असतं आणि अनेकांना ते मूल होत नाही म्हणूनच कळतं. त्यातही कधी कधी शुक्राणू सापडतात. मात्र टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर हाडं ठिसूळ तर झाली नाहीत ना, हेही बघावं लागतं.

शुक्रवाहिनी जन्मतःच नसेल तर गोष्ट वेगळी: शुक्राणू बनतात, बाहेर यायला वाट नसते. मग सीएफटीआर जनुक तपासतात, आणि बायकोचंही तपासावंच लागतं, कारण दोघांच्याही जनुकात दोष असेल तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो.

आमची दोन वर्षं बायकोच्याच तपासण्यांत गेली. तिची दुर्बीण झाली, आईनं टेकडीच्या गणपतीला साकडं घातलं, आणि माझी साधी वीर्यतपासणी कुणी सांगितलीच नाही. त्याचा राग अजून आहे, बाप्पा.

आणि हो, जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली असतील तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. त्यानंही काउंट शून्यावर येतो, आणि ती बंद केल्यावर बऱ्याच जणांचा काही महिन्यांत परत वाढतो.