‘प्रतिक’ नव्हे, प्रतीक

प्रश्न : कबुतराला शांततेचे प्रतिक म्हणावे की चिन्ह? दोन्हींत फरक काय?

आधी ती ऱ्हस्व वेलांटी खोडा. बातम्यांखाली रोज ‘प्रतिकात्मक छायाचित्र’ वाचून डोळे शिणले. ‘प्रतिकार’, ‘प्रतिकूल’ ऱ्हस्व, मग हाही ऱ्हस्वच, असा हिशेब असावा. शेजारचा प्रतिकसुद्धा खरं तर प्रतीकच आहे.

चिन्ह म्हणजे काय ते मतदानयंत्रावर दिसतं, त्यावर शाई घालवत नाही. गंमत आहे ती प्रतीकात. ऋग्वेदात प्रतीक म्हणजे तोंड, दर्शनी बाजू. अग्नी ‘घृतप्रतीक’, म्हणजे तुपाने उजळलेल्या तोंडाचा. ईशान्य दिशा सांभाळणारा पुराणातला हत्ती, म्हणजे तिथला दिग्गज, ‘सुप्रतीक’, म्हणजे देखणा. तो कशाचंही प्रतीक-बितीक नाही! अमरकोशात तोच शब्द अवयव झाला : ‘अङ्गं प्रतीकोऽवयवः’. आणि याज्ञिकांच्या बोलीत ऋचेचे पहिले एक-दोन शब्द म्हणजे तिचं प्रतीक. पोथीत नुसतं ‘गणानां त्वा’ असतं, गुरुजी अख्खी ऋचा म्हणतात. ‘सुखकर्ता झाली का?’ असं आपण विचारतो, तेव्हा एका शब्दाची चौकशी थोडीच करतो? तोंड दिसलं की माणूस ओळखावा, तसं. आजचा अर्थ इथूनच उगवला, असं माझं ठाम मत आहे. हा अर्थ इंग्रजी ‘सिम्बॉल’साठी अलीकडे घडवला म्हणणाऱ्यांनी ब्रह्मसूत्रांतलं ‘न प्रतीके न हि सः’ (प्रतीकाला आत्मा समजू नये, कारण उपासक म्हणजे ते नव्हे) एकदा उघडून पाहावं.

टिळकांनी गीतारहस्यात प्रति + इक अशी फोड करून ‘आपल्याकडे झुकलेला’ असा अर्थ दिला. अर्थ बिनचूक, फोड मात्र मला पटत नाही. वळण्या-झुकण्याचा धातू ‘अञ्च्’ समोर उभा असताना इक कशाला? प्राची, उदीची, प्रतीची या दिशा त्याच घरातल्या. उणादीवाले, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती उणादी प्रत्ययांनी लावणारे वैयाकरण, प्रति + इ (जाणे) सांगतात. सांगोत बापडे. तिन्ही वाटांनी गेलात तरी वेलांटी दीर्घच.

आता ‘सिम्बॉल’. ग्रीक ‘सिम्बॉलोन’ म्हणजे ‘एकत्र टाकलेलं’. यजमान आणि पाहुणा एखादं हाडूक नाहीतर खापरी मोडून अर्धी-अर्धी ठेवत. पुढे कधी मुलं-नातवंडं दारात आली की तुकडे जुळवून पाहायचे. जुळले की घर आपलं. याला मराठीत काय म्हणतात? खूण पटली! हनुमानाने सीतेपुढे रामाची अंगठी ठेवली, तीही खूणच. म्हणजे ‘सिम्बॉल’ची सख्खी बहीण आपली साधी ‘खूण’, आणि प्रतिशब्दाचा मान मिळाला प्रतीकाला. पण कोशवाल्यांना हे सांगणार कोण?

हां, कबुतर. प्रतीक म्हणा. पत्रकाच्या कोपऱ्यात छापलंत, तर त्या चित्राला चिन्ह म्हणा.