मोपा विमानतळावर सुरक्षा तपासणीत आईचं सोनं, पर्स, फोन कसं सांभाळायचं?

तुम्ही विचारलंय की तुळशीचं लग्न झाल्यावर आईला घेऊन मोपाहून दिल्लीला लग्नाला जायचंय, आई पहिल्यांदाच विमानात बसतेय, हातात पाटल्या, पर्समध्ये दागिन्यांचा डबा, आणि तपासणीच्या वेळी हे सगळं आपल्यापासून लांब जाईल ही तिची धास्ती. मी गोव्यातल्या पेडण्याचा. मोपा घराजवळ, आधी गोव्याच्या जुन्या विमानतळाच्या, दाबोळीच्या वाऱ्या व्हायच्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विमानात बसवून देण्याचं काम बहुतेक माझ्याकडेच असतं.

पाटल्या हातातच राहू द्या. मंगळसूत्रही गळ्यात. सोनं काढून ट्रेमध्ये ठेवा असं सहसा कुणी सांगत नाही. धातू शोधणाऱ्या चौकटीतून पलीकडे गेलं की पडद्याआड महिला जवान हातातलं यंत्र अंगावरून फिरवते, ते पाटल्यांवर वाजतं, ती बघते आणि सोडते. यंत्र वाजलं म्हणजे काही गुन्हा झाला नाही, एवढं आईला घरीच सांगून ठेवा. नाहीतर ती घाबरून पाटल्या उतरवायला लागते, त्या निघत नाहीत, मागे रांग खोळंबते, आणि वस्तू हरवायच्या त्या अशाच गडबडीत.

कारण तिथं चोर क्वचितच असतो. आत येणारा प्रत्येक जण तिकीट आणि ओळखपत्र दाखवून आलेला, डोक्यावर कॅमेरे, समोर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान. वस्तू जाते ती दोनच प्रकारे: कुणीतरी आपली समजून तुमची उचलतो, नाहीतर तुम्हीच ती ट्रेमध्ये विसरून चालू लागता. आणि तुमचा ट्रे पलीकडे पोचलाय पण तुम्ही अजून अलीकडे आहात, ही वेळ जितकी लांबेल तितका धोका जास्त. ती वेळ कमी करायची, बाकी काही नाही.

बायकांच्या बाबतीत ही वेळ हमखास लांबते. पुरुषांची तपासणी उघड्यावर, पटापट होते. बायकांसाठी पडद्याचं खोपटं, आणि त्याच्यापुढे वेगळी रांग. सामान मात्र सगळ्यांचं एक्स-रे यंत्राच्या एकाच सरकत्या पट्ट्यावरून जातं. दाबोळीला एकदा लग्नाचं मोठं वऱ्हाड निघालं होतं. पट्ट्याच्या टोकाला लोखंडी रुळांवर ट्रे साचलेले, मागचा ट्रे पुढच्याला ढकलतोय, कोण कुणाचं उचलतोय पत्ता नाही. वऱ्हाडातल्या एका काकांनी एक काळी बॅग खांद्याला लावली आणि निघाले. खोपट्याचा पडदा बाजूला सारून एक बाई हात वर धरलेल्या स्थितीतच ओरडली, "ओ काका, ती माझी!" काकांची बॅग तीन ट्रे मागे होती, अगदी तशीच काळी. ती बाई त्या क्षणी बाहेर बघत होती म्हणून निभावलं.

म्हणून तुम्ही दोघं असाल तर असं करा. पुरुषांच्या बाजूने आधी तुम्ही जा, फक्त स्वतःचं सामान घेऊन. आईनं आपली पर्स हातातच धरून ठेवायची. तुम्ही पलीकडे पट्ट्याच्या टोकाशी उभे राहिलात की तिनं पर्स ट्रेमध्ये ठेवायची आणि मग बायकांच्या रांगेत लागायचं. मागचे लोक घाई करतील, "ठेवा ना मावशी" म्हणतील. त्यांना आधी जाऊ द्यायचं, मधेच बाजूला उभं राहिलं तर कुणी काही म्हणत नाही. तुम्ही मुलगी असाल तर भाऊ किंवा दुसरं कुणी आधी पलीकडे जाईल असं बघा. दोघीच असाल तर एकीनं आधी पार व्हायचं. बाई एकटीच असेल तर खोपट्यासमोरची रांग एक-दोन जणींवर येईपर्यंत ट्रे पुढे सोडायचा नाही. आईसाठी व्हीलचेअर घेतलीत तर ढकलणारा मदतनीस सगळं सामान झटक्यात उचलून पट्ट्यावर टाकतो. त्याला आधीच सांगा की मांडीवरची पर्स सगळ्यात शेवटी.

दागिन्यांच्या डब्याचं वेगळं. तो विमान कंपनीकडे सोपवायच्या मोठ्या बॅगेत टाकायचा विचारही करू नका. देशातल्या प्रवासात सामान हरवलं तर कंपनीची जबाबदारी माणशी २०,००० रुपयांपर्यंतच, आणि आजच्या भावात त्यात काय येतं ते तुम्हाला माहीत आहेच. डबा केबिनच्या बॅगेत, मधोमध, कपड्यांच्या घडीत. स्क्रीनवर दागिने दिसतातच, त्यामुळे कधीकधी बॅग बाजूला काढून उघडायला सांगतात. तेव्हा तुम्ही हजर असल्याशिवाय बॅग उघडू देऊ नका, आणि "जरा आडोशाला बघा, आत दागिने आहेत" असं हळू आवाजात सांगा. मी आजवर पाहिलेल्या जवानांनी ते ऐकलंय. देशात सोनं नेण्यावर काही मर्यादा नाही, पण बिलांची झेरॉक्स बरोबर असली की कुणी विचारलंच तर प्रश्न मिटतो.

आता बारीकसारीक वस्तू. घड्याळ, पट्टा, सुटे पैसे, किल्ल्या, पाकीट, चष्म्याची केस हे ट्रेजवळ उभं राहून काढणारे लोक मला कळतच नाहीत. हे काम रांगेत शिरण्याआधीच करून सगळं बॅगेच्या एका कप्प्यात घालायचं आणि चेन ओढायची. ट्रेमध्ये सुटी वस्तू जितकी कमी, तितकी पलीकडे मोजायला सोपी. लॅपटॉप, टॅब, पॉवर बँक बाहेर काढायला सांगतात, तेवढीच सुटी राहतात. फोन बऱ्याचदा बॅगेत चालतो. बाहेर काढायला लावलाच तर लॅपटॉपशेजारी ठेवा, वेगळ्या ट्रेमध्ये एकटा नको, कारण काळ्या ट्रेमधला काळा फोन रिकामा ट्रे समजून गठ्ठ्यात रचला जातो. आईचा बोर्डिंग पास मात्र कागदावर छापून घ्या. फोनवर पास ठेवला की शेवटच्या क्षणापर्यंत फोन हातात आणि मग तो घाईघाईत कुठेतरी ठेवला जातो.

बॅग काळी असेल तर मुठीला काहीतरी रंगीत बांधा, जुन्या साडीचा अबोली काठ उत्तम. आत एका चिठ्ठीवर नाव आणि फोन नंबर, पण नंबर घरी थांबणाऱ्या माणसाचा. पुष्कळ लोक स्वतःचाच नंबर लिहितात. तो फोन त्याच बॅगेत हरवलेला असतो, मग सापडणाऱ्यानं फोन करायचा कुणाला? बॅगेचा आणि आतल्या सामानाचा फोटो घरीच काढून ठेवा. तपासणीच्या जागी फोटो काढायला मनाई आहे, आणि परत येताना दाबोळीला उतरणार असाल तर तो नौदलाचा तळ, तिथं तर अधिकच सांभाळून.

काही वस्तू हरवत नाहीत, त्या काढून घेतल्या जातात, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना त्याचंच जास्त दुःख होतं. पानाच्या डब्यातला अडकित्ता केबिनमध्ये चालत नाही, मग तो पितळेचा आणि आजोबांच्या वेळचा का असेना. मंगेशीचा प्रसादाचा नारळही हातातल्या बॅगेत नको. २०२२ च्या मोसमात शबरिमलेच्या यात्रेकरूंसाठी नारळ केबिनमधून न्यायला सरकारनं तात्पुरती खास मुभा दिली होती, म्हणजे एरवी ती नसते हे उघडच आहे. सुकं खोबरं तर मोठ्या बॅगेतही नको, तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं. फेणीची सीलबंद बाटली किंवा आगळ (कोकमाचा रस) द्यायचं असेल तर नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत. पॉवर बँकेचं बरोबर उलटं: ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच हवी. अडकित्ता तरीही हातातल्या बॅगेत राहिलाच आणि वेळ असेल तर कंपनीच्या काउंटरवर परत जाऊन तो मोठ्या सामानात टाकता येतो. त्यासाठी घरून लवकर निघा. मडगावहून मोपा म्हणजे दीड तास धरा, म्हापशाला वाहतूक अडली तर आणखी.

एवढं करूनही काही राहिलंच, तर गेटकडे निघण्याआधी कळणं महत्त्वाचं. ट्रेवरून सामान उचललं की बाजूच्या खुर्च्यांवर बसा, बूट घाला, आईला पाणी द्या आणि एकेक वस्तू हात लावून बघा. कमी असेल तर त्याच पट्ट्यावरच्या जवानाला किंवा त्यांच्या वरिष्ठांना लगेच सांगा, कितव्या पट्ट्यावर आणि साधारण किती वाजता ते नेमकं सांगा. कॅमेऱ्यात कुणी उचललं ते दिसतं, आणि उचलणारा माणूस अजून आतच कुठल्यातरी गेटवर बसलेला असतो.

विमानात बसल्यावर लक्षात आलं तर दिल्लीला उतरून मोपाच्या हरवलं-सापडलं विभागाशी संपर्क साधा. सापडलेल्या वस्तूंची यादी सुरक्षा दलाच्या संकेतस्थळावरही असते. दाद लागली नाही तर नागरी उड्डाण मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. चोरीच वाटत असेल तर गुन्हा दिल्लीतल्या कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, तो शून्य क्रमांकानं (झिरो एफआयआर) गोव्याकडे वर्ग होतो. फोन गेला असेल तर पोलिसांकडे नोंद करून संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो, पण त्यासाठी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर लागतो. निघायच्या आदल्या रात्री आईच्या फोनवर *#०६# दाबा आणि येणारा नंबर घरी कुणाकडे तरी लिहून ठेवा.